आधी मोजमाप, मग पाना
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांची एक तक्रार आमच्याकडे सारखी येते. गाडी पूर्वी साठचे ॲव्हरेज द्यायची, आता चाळीसवर आली. पेट्रोल तर प्रत्येकजण स्वतःच्या खिशातून टाकतो. तेव्हा आज थोडा गाडीचा हिशेब मांडू.

महिन्याला ६०० किलोमीटर फिरणे धरा. साठच्या ॲव्हरेजला १० लिटर लागतात, चाळीसच्या ॲव्हरेजला १५. लिटरला शंभरच रुपये धरले तरी महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये जास्तीचे जातात. २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. म्हणजे पाऊण क्विंटलाहून जास्त कापूस धुरात गेला! तेवढा कापूस वेचायला काय लागते, ते मायबहिणींना विचारा.

काही जण सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलला देतात. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाने ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. साठचे छप्पन झाले तर ते आपण समजू शकतो. चाळीस झाले, तर उरलेली गळती गाडीतच आहे.

ती शोधायची कशी? बोंडअळीचे पतंग कामगंध सापळ्यात मोजल्याशिवाय फवारू नका, असे आम्ही तुम्हाला नेहमी सांगतो. इथेही तेच. टाकी तोंडापर्यंत भरा, किलोमीटर लिहा. रोजच्यासारखी दोनशे किलोमीटर गाडी चालवा. त्याच पंपावर, तेवढीच भरा. २१६ किलोमीटरला ४.८ लिटर लागले, तर ॲव्हरेज ४५. रिझर्व्हच्या अंदाजावर जाऊ नका. मीटरची केबल तुटली असेल तर आधी ती बसवा.

मग बिनपैशाची कामे. हवा पाहा. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना एकट्यासाठी पुढे २५, मागे २८ च्या आसपास लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मागे माणूस किंवा पोते असेल तर मागची हवा वाढवा. गाडी मेन स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवा. ते अडत असेल तर ब्रेक घासतो आहे किंवा चेन जास्त ताणली आहे. पुढचे चाकही असेच पाहा. क्लचच्या दांड्याला थोडी ढील हवी. इंजिन ओरडते आणि गाडी वेग घेत नाही, तर क्लच घसरतो आहे. सकाळी ओढलेला चोक परत बसला का, तेही बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग दिसला तर वास घ्या. पेट्रोलचा असेल तर कॉक, रबरी नळी आणि कार्बोरेटर तपासा.

त्यानंतर कमी खर्चाची कामे. आपल्या रस्त्यांची धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. इंजिनाला हवा कमी पडते आणि पेट्रोल जास्त जळते. फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, तेल लावून पिळून बसवा. कागदी असेल तर धुऊ नका, बदला. प्लग काढून रंग पाहा. तपकिरी म्हणजे ठीक. काळा, काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरा म्हणजे कमी जाते आहे, इंजिन तापते आहे.

कार्बोरेटर सर्वांत शेवटी. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज-६ लागू झाले. त्याआधीच्या बहुतेक मोटारसायकली कार्बोरेटरच्या आहेत. ॲव्हरेज वाढवतो म्हणून कोणी नुसता स्क्रू फिरवून पैसे मागत असेल, तर त्याला एवढे विचारा: हा स्क्रू मुख्यतः आयडलिंगवर चालतो, मग रस्त्यावरच्या वेगाचे काय? तिथे पेट्रोल ठरवतात सुई आणि मेन जेट. वर्षानुवर्षे चालून सुई आणि तिचा जेट झिजतात, फ्लोटची पातळी बिघडते. ते भाग काढून पाहिल्याशिवाय निदान होत नाही. टॅपेट आणि कॉम्प्रेशनही त्याच वेळी तपासून घ्या. निळा धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जळते आहे. ते काम मोठे आहे, त्याला वेगळा पैसा लागेल.

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि पुन्हा मोजा. सगळे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि बिल मात्र सगळ्याचे येते.

पेट्रोलच्या भावातला मोठा हिस्सा केंद्राच्या आणि राज्याच्या कराचा आहे. त्यासाठी भांडायचे ते आपण भांडूच. पण जो माणूस उत्पादन खर्चाचा हिशेब सरकारला मागतो, त्याच्या स्वतःच्या वहीत गाडीचे पानही असले पाहिजे. पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने पाच गाड्यांचे आकडे आणावेत: आधीचे ॲव्हरेज, केलेले काम, झालेला खर्च, नंतरचे ॲव्हरेज. ते सगळ्यांसमोर वाचून दाखवू.