ठाण्याला आलात, बरं केलंत

मागच्या दाराशी उभे असलेले माझे ठाणेकर बंधू-भगिनी! डावीकडे अजून खुर्च्या रिकाम्या आहेत, पुढे या. पहिली रांग मुद्दाम मोकळी ठेवली आहे. तिथे चाकाची खुर्ची घेऊन येणारे प्रतिनिधी बसतील, तिथे कृपया नगरसेवकांनी बसू नये.

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं मनापासून स्वागत. ठाण्याला आलात, बरं केलंत.

हेच वाक्य मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा दोघं-तिघं खाली मान घालून हसले. का हसले ते आपल्यालाही कळलं असेल, कारण आत्ता तिसऱ्या रांगेतही कोणी तरी हसलं. मराठी नाटक-सिनेमात एखादं पात्र जरा विचित्र वागलं की दुसरं पात्र म्हणतं, याला ठाण्याला पाठवा. प्रेक्षागृह हसतं. गंमत म्हणजे आमचे ठाणेकर सगळ्यात मोठ्यानं हसतात. चित्रपट आणि दूरदर्शन मालिकांमधले मनोरुग्ण व अपंग हा आपल्या परिषदेचा विषय आहे, आणि आमचं गाव त्या विषयात गेली अनेक वर्षं विनामूल्य भूमिका करत आहे. तेव्हा यजमानपद मागण्याचा आमचा हक्क होता, असं मी कार्यकारिणीला कळवलं आणि त्यांनी तो मान्य केला.

आता गावाविषयी. स्वागताध्यक्षाला तेवढी मुभा असते.

16 एप्रिल 1853 रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी निघाली. 14 डबे, 400 पाहुणे, 21 मैलांचा रस्ता. इतर शहरांमध्ये रेल्वे आली असं म्हणतात. आमच्याकडे ती यायलाच निघाली होती. आज सकाळी ज्यांना मेगाब्लॉकमुळे मुलुंडला उतरून रिक्षा करावी लागली त्यांना या इतिहासाचं फार कौतुक वाटणार नाही, हे मी समजू शकतो. कोपिनेश्वराचं देऊळ, मासुंदा तलाव, संध्याकाळची तलावपाळी हे आपण पाहालच. आमचा किल्ला मात्र आतून पाहता येणार नाही, कारण त्यात तुरुंग आहे. 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला पुढे इंग्रजांनी कैदखाना केला. 1816 मध्ये याच तुरुंगातून त्रिंबकजी डेंगळे निसटले. भिंतीबाहेर घोड्याची निगा राखणारा मोतद्दार गाण्यातून त्यांना निरोप देत असे, असं सांगतात. आणि 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे या तिघांना इथेच फाशी झाली.

म्हणजे आमच्या गावाला दोन उंच भिंती आहेत. एक तुरुंगाची, दुसरी 1901 सालच्या मनोरुग्णालयाची. पहिल्या भिंतीच्या आत गेलेल्यांवर सिनेमे निघाले, पोवाडे रचले गेले. फाशीच्या कोठडीतला माणूस पडद्यावर कसा बोलतो, कसा चालतो, शेवटच्या रात्री काय लिहितो, हे दिग्दर्शकाला ठाऊक असतं. नसलं तर तो जाऊन शोधतो. दुसऱ्या भिंतीच्या आत गेलेल्या माणसासाठी मात्र कोणी काही शोधत नाही. विस्कटलेले केस, फाटका सदरा, कागदाचा मुकुट, एक किंकाळी, झालं पात्र तयार. एका शहरात राहून मला हा फरक कायम खुपत आला आहे.

त्या मनोरुग्णालयाला पूर्वी नरोत्तमदास माधवदास यांचं नाव होतं. ते नाव आज किती ठाणेकरांना माहीत आहे? आमच्या समितीत विचारलं तर एकालाही नाही. देणगीदारांचं असं होतं. आपल्या देणगीदारांकडे मी पुढे येणारच आहे.

त्याआधी एका माणसाविषयी बोलू द्या. विनायक लक्ष्मण भावे. 1871 सालचा जन्म. विज्ञानाचा विद्यार्थी. 1893 मध्ये, म्हणजे बाविशीच्या आत-बाहेर, पदवीही हातात नसताना या तरुणानं ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. आमचं त्याच्याहून पाच वर्षांनी वडील. मुंबईकर प्रतिनिधींनी याची नोंद घ्यावी. त्या काळी मराठी पुस्तक म्हणजे जपून ठेवण्याची वस्तू आहे असं फार थोड्यांना वाटत होतं. भाव्यांना चांगलं पुस्तक, वाईट पुस्तक असा भेद आधी करायचा नव्हता. मराठीत छापलेलं आहे ना, मग ते हवं. निवड पुढच्यांनी करावी. मग त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं. जुन्या मराठी वाङ्मयाचा एवढा विस्तृत इतिहास तोवर कोणी मांडला नव्हता. पुढच्या पिढीत शं. गो. तुळपुळ्यांना त्याला पुरवणी जोडावीशी वाटली, यावरून त्या ग्रंथाचा जीव किती होता हे लक्षात यावं. जुनी काव्यं छापण्यासाठी भाव्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक चालवलं. महानुभाव पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद होते. ते वाचकांपुढे आणणाऱ्या पहिल्या मंडळींत इतिहाससंशोधक राजवाड्यांबरोबर भाव्यांचं नाव घ्यावं लागतं. 1926 मध्ये ते गेले. 2010 साली 84 वं साहित्य संमेलन आमच्याकडे भरलं तेव्हा ज्याला त्याला मी भाव्यांविषयी सांगत होतो. लोक ऐकून घेत होते आणि जेवणाचा मंडप कुठे आहे ते विचारत होते.

कार्यवाह मला चिठ्ठी पाठवत आहेत. चिठ्ठीत लिहिलं आहे, विषय. बरोबर आहे. भाव्यांचा सिनेमाशी काडीचा संबंध नाही. पण माझी एक सूचना आहे आणि ती भाव्यांवाचून मला सुचली नसती, म्हणून एवढं पाल्हाळ.

मी सिनेमातला जाणकार नाही. माझा छापखाना आहे, आणि मी तिकीट काढून सिनेमा पाहणारा माणूस आहे. ‘चौकट राजा’ 1991 मध्ये आला तेव्हा आमचं अख्खं घर रडत बाहेर पडलं. दिलीप प्रभावळकरांचा नंदू कोण विसरेल? पण त्या रडण्यानंतर आमच्याच गल्लीतल्या तशा मुलाशी आम्ही दोन शब्द जास्त बोललो, असं काही झालं नाही. सई परांजप्यांचा ‘स्पर्श’ मात्र वेगळाच निघाला. त्यातला अंध मुख्याध्यापक मदतीला धावणाऱ्यांवर वैतागतो, आणि प्रेक्षक म्हणून आपल्याला जरा अपराधी वाटतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीण दिसते. तिची ओढाताण, तिच्या संसारावरचा ताण दिसतो. मनोरुग्णाला घर असतं, हे आमच्या पडद्याला फार उशिरा कळलं. त्याच जोडीचा ‘अस्तु’ मला सर्वांत आवडतो. विस्मरणानं घेरलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे चालू लागतात आणि माहुताची बायको त्यांना लेकराप्रमाणे जवळ करते. पंडितांचं काम करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. याच जोडीच्या ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं हे आपण जाणताच. आणि ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटूची भूमिका गौरी गाडगीळ यांनी स्वतःच केली. हे करता येतं, म्हणजे इतर वेळी का करत नाहीत, एवढाच माझा प्रश्न.

मालिकांबद्दल मी थोडंच बोलेन, कारण आमच्या घरात त्या सायंकाळी साडेसातपासून चालू असतात आणि मला घरी जायचं आहे. डोक्याला मार लागला की स्मृती जाते, दुसरा मार लागला की परत येते. खलनायिका शेवटी वेडी होते, ती शिक्षा म्हणून. चाकाच्या खुर्चीवरची मावशी रात्री चोरून चालते. विजेचा झटका देण्याचा प्रसंग तर लेखकांच्या फारच लाडका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय असे झटके द्यायला बंदी केली आहे, रुग्णाला साखळदंडानं बांधायलाही बंदी केली आहे. पडद्यावर दोन्ही बिनदिक्कत चालतं. 2024 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘आँख मिचौली’ या चित्रपटाच्या निमित्तानं सांगितलं की अपंगत्वाची टर उडवणारा विनोद वेगळा आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा. मला ते पटलं. विनोदाला माझा विरोध नाही. आमचं नाट्यगृह गडकऱ्यांच्या नावाचं आहे. ‘एकच प्याला’ लिहिणाऱ्या गडकऱ्यांनी ‘वेड्यांचा बाजार’ नावाचं नाटकही लिहायला घेतलं होतं, ते अपुरं राहिलं. 1978 मध्ये रंगायतन उघडलं तेव्हा हे कोणाच्या ध्यानात होतं की नाही, कोण जाणे.

तर माझी सूचना. परिषदा होतात, निषेधाचे ठराव होतात, आणि पुढच्या आठवड्यात मालिकेत तोच साखळदंड दिसतो. आपण ठराव जरा कमी करू आणि एक सूची करू. मराठी बोलपट 1932 पासूनचे आहेत; त्यांतलं आणि मालिकांतलं प्रत्येक आंधळं, लंगडं, मुकं, वेडं ठरवलेलं पात्र एका वहीत नोंदवायचं. चांगलं की वाईट हे नंतर. कोणी लिहिलं, कोणी भूमिका केली, त्या पात्राला नोकरी होती का, नाव होतं का, की नुसतंच ‘वेडा’ म्हणून श्रेयनामावलीत आलं? उद्याच्या लेखकासमोर असा ढीग ठेवला तर त्यालाच लाज वाटेल, असा माझा अंदाज आहे. भाव्यांनी पुस्तकांचं जे केलं ते आपण पात्रांचं करावं. सूचीच्या छपाईचा खर्च माझ्या छापखान्याचा, आणि नोंदी ठेवायला एक लोखंडी कपाट स्वागत समिती देईल. कपाटाला आमच्या एका सदस्यांनी आत्ताच मान हलवली आहे, ती मी संमती समजतो.

आता क्षमायाचना. ती लांब आहे, कारण उणिवाही तेवढ्याच आहेत. या सभागृहाच्या दारातला उतार पहिल्यांदा बांधला तो इतका चढा झाला की समितीतले धडधाकट सदस्यही धापा टाकत वर आले. तो तोडून एकास बारा या प्रमाणात पुन्हा बांधला. रंग अजून ओला आहे, कपडे सांभाळा. सभागृहाची लिफ्ट काल संध्याकाळी बंद पडली. म्हणून जेवणाची व्यवस्था वरच्या मजल्यावरून अंगणात आणली आहे. अंगणात ऊन आहे आणि मंडपाचं कापड कमी पडलं आहे. सांकेतिक भाषेचे दुभाषे दोनच मिळाले. दुपारी दोन दालनांत सत्रं एकाच वेळी आहेत, तेव्हा कर्णबधिर प्रतिनिधींनी आधी सांगितलं तर दुभाषे त्यांच्यामागून जातील. संध्याकाळी दाखवायच्या दोन चित्रपटांच्या प्रतींवर उपशीर्षकंच नाहीत. चित्रपटगृहांसाठी केंद्र सरकारनं 2024 मध्ये तशा सोयींची मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण आपल्या हाती आलेल्या प्रती त्याआधीच्या. आमच्या महाविद्यालयातल्या दोन मुली बाजूला बसून संवाद टंकून दुसऱ्या पडद्यावर दाखवणार आहेत. चुका झाल्या तर त्यांना रागावू नका, मला रागवा. गोंगाटानं त्रास होणाऱ्यांसाठी एक शांत खोली ठेवली होती. तिच्या शेजारीच जनरेटर बसवला गेला. तो हलवण्याचं काम चालू आहे. तीन हात नाक्याच्या रहदारीबद्दल मात्र मी क्षमा मागणार नाही, ती आमच्या हातात नाही.

आभार. देणगीदारांची नावं दाराजवळच्या फलकावर आहेत, कृपया वाचा, ती वाचली जावीत म्हणूनच लिहिली आहेत. प्रतिनिधींच्या मुक्कामासाठी नौपाड्यातल्या घरांनी आपापल्या खोल्या रिकाम्या करून दिल्या. एका आजींनी तर स्वतः मुलाकडे जाऊन घर आमच्या हवाली केलं, देवपूजेची जबाबदारी तेवढी प्रतिनिधींवर आहे. रिक्षावाल्यांनी स्थानकापासून इथपर्यंत अपंग प्रतिनिधींकडून भाडं न घेण्याचं ठरवलं. बचत गटाच्या भगिनींनी पहाटे चारला उठून पोळ्या लाटल्या. मंडपवाल्यांनी उधारीवर मंडप दिला, त्यांची उधारी मी विसरलेलो नाही. आणि एक देणगीदार आहेत, त्यांचं नाव फलकावर नाही. त्यांना आज या व्यासपीठावर चाकाच्या खुर्च्या वाटायच्या होत्या, छायाचित्रकारासह. आम्ही नको म्हटलं. ज्या चित्राविरुद्ध परिषद आहे तेच चित्र इथे काढायचं नव्हतं. ते रागावून गेले. परवा त्यांच्या दुकानातला मुलगा पाकीट घेऊन आला, आत तेवढीच रक्कम आणि ‘उतारासाठी’ एवढाच शब्द. तो नवा उतार त्यांच्या पैशातून झाला आहे. ते आज आले आहेत. कुठे बसले आहेत ते मी सांगणार नाही.

काही सूचना. जेवण बरोबर दीडला, कूपन नोंदणीच्या पिशवीत आहे; ज्यांच्या पिशवीत नाही त्यांनी भगव्या बिल्ल्यावाल्या स्वयंसेवकाला सांगावं, वाद घालू नये. उद्या सकाळी न्याहारीला ठाण्याची मिसळ आहे, तिखट सोसत नसेल त्यांच्यासाठी उपमा. सहाला सभागृह रिकामं करून द्यायचं आहे, कारण साडेसहाला इथे लग्नाचा स्वागतसमारंभ आहे. पांढऱ्या रंगाची एक मोटार उताराच्या तोंडाशी उभी आहे, तिच्या मालकांनी ती ताबडतोब हलवावी. आता उद्घाटकांना मी विनंती करतो की त्यांनी दीपप्रज्वलन करावं. काडेपेटी कार्यवाहांकडे आहे.