व्यवसायातील नेतृत्व : काम सोपविण्याची कला

(व्याख्यानाचा सारांश)



लहान व्यवसाय बहुधा एका माणसाच्या कष्टावर उभा राहतो. कापडाच्या दुकानाचेच उदाहरण घ्यावे. मालक सकाळी स्वतः कुलूप उघडतो, गादीवर बसतो, गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडतो, भाव ठरवितो, गल्ला सांभाळतो आणि रात्री रोजमेळ मिळवूनच घरी जातो. सुरत, इचलकरंजी, मालेगाव वा भिवंडीचा माल कोणत्या आडत्याकडून घ्यावा हे त्यालाच ठाऊक असते. कोणाची उधारी दिवाळीपर्यंत थांबू शकते हेही त्याच्याच स्मरणात असते. आरंभीच्या काळात हीच त्याची शक्ती असते. पुढे दुकान वाढते, दोन नोकरांचे आठ होतात. तरीही प्रत्येक लहानसहान निर्णय मालकानेच द्यावा ही रीत चालू राहते आणि तीच शक्ती व्यवसायाची मर्यादा बनते.

लग्नसराईत याचा प्रत्यय येतो. बस्ता बांधण्यासाठी दोन्हीकडची मंडळी दुकानात येतात, माल पसंत पडतो, गोष्ट शेवटच्या भावापाशी येते आणि विक्रेता म्हणतो, “शेठ आल्यावर सांगतो.” शेठ बँकेत असतात किंवा खरेदीसाठी परगावी गेलेले असतात. मंडळी उठून समोरच्या दुकानात जातात. विक्रेता प्रामाणिक असतो, जुनाही असतो. परंतु त्याला माप घालण्याचे काम दिलेले असते, शब्द देण्याचा अधिकार दिलेला नसतो.

याहून गंभीर प्रसंग मालकाच्या आजारपणात किंवा निधनानंतर ओढवतो. अशी घराणी प्रत्येक बाजारपेठेत आढळतात. चिरंजीव पन्नाशीला आलेले असतात, तरी तिजोरीची किल्ली वडिलांच्याच कमरेला असते. वडील अकस्मात गेले की कोणाकडून किती येणे आणि कोणाला किती देणे हे सांगणारे कोणीच उरत नाही. देणेकरी वहीवर बोट ठेवून उभे राहतात. येणेकरी मात्र गप्प बसतात. चाळीस वर्षांची पेढी दोन दिवाळ्यांत मिटते. त्या चिरंजीवांच्या अंगी कर्तृत्व नव्हते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कर्तृत्व दाखविण्याची संधीच त्यांना मिळाली नव्हती.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हेन्री फेयॉल हे नाव परिचित आहे. खाणउद्योगात दीर्घकाळ प्रत्यक्ष कारभार केलेल्या या फ्रेंच अभियंत्याने १९१६ साली व्यवस्थापनाची १४ तत्त्वे मांडली. अधिकार आणि जबाबदारी यांची सांगड असावी, हे त्यांतील एक प्रमुख तत्त्व होय. जबाबदारी देऊन अधिकार न दिल्यास माणूस हतबल होतो. अधिकार देऊन जाब न विचारल्यास तो बेफिकीर होतो. भारतीय करार कायदा, १८७२ यातील प्रतिनिधित्वाच्या तरतुदींचा आशयही व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावा. प्रतिनिधीने दिलेल्या अधिकाराच्या कक्षेत केलेला व्यवहार मालकावर बंधनकारक असतो. म्हणून काम सोपविले तरी अंतिम उत्तरदायित्व मालकाकडेच राहते, आणि अधिकाराची कक्षा आधीच स्पष्ट करणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते.

महाराष्ट्राच्या उद्योग-इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार केले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. स्वतः यंत्रचित्रकलेचे अध्यापन केलेले, हातात हत्यार धरणारे लक्ष्मणराव सर्व कामे आपल्याकडेच ठेवू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. वसाहतीची आखणी व व्यवस्था बंधू रामुअण्णांकडे, यंत्रांची देखभाल शंभूराव जांभेकरांकडे, पैशांची व्यवस्था के. के. कुलकर्णींकडे, तर हिशेब मंगेशराव रेग्यांकडे गेले. शिक्षण अर्धवट सुटलेल्या अनंतराव फळणीकरांच्या कल्पकतेला कारखान्यात वाव मिळाला. रात्रीच्या पहाऱ्यावर तर तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली गेली. माणसाची प्रमाणपत्रे वा पूर्वायुष्य यांपेक्षा त्याचा गुण पाहून काम देण्याची ही दृष्टी होती. ओसाड माळावर उद्योगनगरी उभी राहण्यात तिचा वाटा फार मोठा आहे.

लहान दुकानदाराने हे आचरणात कसे आणावे? सोपविणे पायरीपायरीने व्हावे. प्रथम मालाची मांडणी व साठ्याची नोंद एकाकडे द्यावी. नंतर अनुभवी विक्रेत्यास सवलतीची मर्यादा ठरवून द्यावी; उदाहरणार्थ, ५ टक्क्यांपर्यंत त्याने न विचारता सोडावे, त्यापुढे विचारावे. त्यानंतर उधारीची मर्यादा, मग नेहमीच्या मालाची खरेदी आणि सर्वांत शेवटी बँकेचे व्यवहार, असा क्रम हितावह आहे. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवणे हा विश्वास नव्हे, ती निष्काळजी होय. जो रोकड घेतो त्यानेच वही लिहू नये, हा हिशेबशास्त्राचा जुना दंडक येथे पाळावा. रोजमेळ रोज पाहावा आणि महिन्यातून एकदा, न सांगता, चार घोड्यांवरील ठाणे मोजून नोंदवहीशी ताडून पाहावीत. अशी तपासणी प्रामाणिक नोकरालाही संरक्षण देते, कारण तूट आढळल्यास संशयाचे बोट त्याच्याकडे उगाच वळत नाही.

चुका होणारच. एखादी खरेदी फसेल, एखादी उधारी बुडेल. अशा वेळी गिऱ्हाइकासमोर नोकराचा पाणउतारा करणारा मालक त्या दिवसापासून सर्व कामे स्वतःकडे परत ओढून घेतो, कारण पुढे कोणीही निर्णय घेण्यास धजत नाही. सायंकाळी, एकांतात, चूक कोठे झाली हे समजावून सांगणे आणि तेच काम पुन्हा त्याच माणसाकडे देणे, यात नेतृत्वाची खरी कसोटी लागते.

काळानेही हा धडा दिला आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि कापडाची विक्रीही ५ टक्के दराने त्याच्या कक्षेत आली. प्रत्येक बिल, प्रत्येक विवरणपत्र मुदतीत भरणे आले. ज्यांनी सर्व हिशेब डोक्यात ठेवले होते त्यांची धांदल उडाली; ज्यांनी हे काम शिकलेल्या मुलाकडे वा सुनेकडे विश्वासाने दिले त्यांची दुकाने सावरली. आज गल्ल्यातील बरीच रक्कम मोबाईलद्वारे थेट खात्यात जमा होते. त्यामुळे गादीवर बसून केवळ रोकड राखण्याचे प्रयोजनही पूर्वीसारखे राहिलेले नाही.

व्यापारी बांधवांनी एक सोपी परीक्षा करून पाहावी. वर्षातून आठ दिवस दुकानापासून दूर राहावे आणि दूरध्वनीही करू नये. परतल्यावर जी कामे अडून राहिलेली दिसतील, तीच अद्याप कोणाला शिकविलेली नाहीत असे समजावे. त्यांची यादी करावी, प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव लिहावे आणि येत्या पाडव्यापासून त्या कामाला आरंभ करावा.