ताटातले औषध आणि हातातला फोन
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)





आजच्या समारंभात परीक्षेतील यशाबद्दल बोलावे अशी माझ्याकडून अपेक्षा असणार. परंतु मी एका आजारपणाबद्दल बोलणार आहे. ही गोष्ट शिक्षणाचीच आहे, हे शेवटी आपणांस पटेल अशी मला आशा आहे.

आपल्या खोपोलीचे आणि कर्करोगाच्या उपचाराचे एक जुने नाते आहे. १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झाले आणि येथील वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्याच टाटा घराण्याच्या विश्वस्त निधीतून परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उभे राहिले. येथील वीज तिकडे गेली. आज येथील रोगी तिकडे जातात. खोपोली लोकलच्या डब्यात फाईल छातीशी धरून बसलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. शस्त्रक्रिया, केमो, लाईट हे सर्व तेथे होते. पण रोगी जेवतो ते घरी. आणि घरी काय वाढावे हे सांगणारे कोणी जवळ नसते.

माझ्या थोरल्या बंधूंना तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखूची सवय होती, लपवण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेनंतर लाईट सुरू झाली. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलून निघाले, लाळ आटली, पाण्याचा घोटही झोंबू लागला. दवाखान्यातून आहाराचा एक कागद मिळाला होता, तो इंग्रजीत. आम्ही तो फाईलमध्ये जपून ठेवला, वाचला मात्र कोणी नाही. घरात येणारा प्रत्येक जण सल्ला देत होता. कोणी म्हणे, अंडे-मटण बंद करा. कोणी म्हणे, साखरेने गाठ वाढते, सर्व गोड तोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवा उपाय येई. आमचा मुलूख भाताचा. शेवटी उरली ती पातळ पेज आणि फळांचा रस. पाहता पाहता वजन ५८ किलोवरून ५१ वर आले. अशक्तपणा इतका वाढला की डॉक्टरांना काही दिवस लाईट थांबवावी लागली.

तेव्हा नववीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीने तो कागद बाहेर काढला. शब्दकोश घेऊन बसली, अर्थ लावला आणि कागदाच्या तळाशी असलेल्या क्रमांकावर फोन केला. ज्या मुलीच्या हाती फोन देऊ नये असे आम्हीच ठरवले होते, तिनेच वडिलांचा फोन मागून घेतला. त्यानंतर दर आठवड्याला आहारतज्ज्ञ बाई व्हिडिओवर बोलू लागल्या. मुलगी वजन सांगे, मागच्या चोवीस तासांत काय काय पोटात गेले ते वहीतून वाचून दाखवी, वाटीचा आणि पेल्याचा फोटो पाठवी.

त्या बाईंनी कोणते नवल केले? त्यांनी हिशेब शिकवला. कर्करोगाच्या रोग्याला साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५१ किलोच्या माणसाला निदान ५१ ग्रॅम प्रथिने हवीत. पेज आणि रसात ती मिळतात कोठून? उलट अर्धा लिटर दुधात सुमारे १६, दोन अंड्यांत १२, वाटीभर घट्ट डाळीत ७ आणि शंभर ग्रॅम कोंबडीत २० ग्रॅम, बेरीज ५५. आपल्या घरचा खिचडा तिखट-मसाला न घालता शिजवून, मऊ वाटून दिला तर धान्य, डाळ, मटण सर्व एका वाटीत येते. तीन मोठ्या जेवणांऐवजी दोन-दोन तासांनी थोडे थोडे द्यायचे. पेजेत तूप आणि दुधाची पावडर घालायची. तेवढ्याच घोटात बळ वाढते. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेल तर हा हिशेब बदलतो. म्हणून शेजाऱ्याचा तक्ता आपल्या रोग्याला लावू नये.

पुढे नाकातून नळी घालावी लागली. पाजताना आणि नंतरही काही वेळ डोके उंच ठेवणे, आहार गाळून घेणे, आधी आणि नंतर पाण्याने नळी धुणे, हे भावजयीने व्हिडिओवर पाहत पाहत शिकून घेतले. वजन लगेच वाढले नाही, पण घसरण थांबली. लाईट पुन्हा सुरू झाली आणि पुरी झाली. आज बंधू घरी आहेत, तपासणीला जातात.

वाचकहो, ही सोय आता अपवाद राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या, त्याच महिन्यात सरकारने दूरध्वनी-व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय अन्नपदार्थांतील घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. आहाराचा हिशेब अशा तक्त्यांवरूनच करता येतो. मुंबईची कडल्स फाउंडेशन ही संस्था कर्करोग झालेल्या मुलांच्या आहाराचे काम करते. तिच्या आहारतज्ज्ञ मुलांचे वजन, उंची आणि खाण्याची नोंद ‘फूडहील्स’ नावाच्या अ‍ॅपमध्ये ठेवतात. कोणते मूल खंगत चालले आहे, हे नोंदीवरून वेळीच कळते.

परंतु फोनला मर्यादा आहे. १००.४ अंशांहून अधिक ताप, पाणीही न गिळणे, उलट्या न थांबणे, नळीतून पाजताना ठसका किंवा दम लागणे, नळी सरकणे, अशा वेळी पाजणे थांबवून, फोनवर चर्चा करीत न बसता रोग्याला रुग्णालयात न्यावे. केमो चालू असता उघड्यावरचे व कच्चे अन्न टाळावे, पाणी उकळलेले द्यावे. आणि रमजानात आजारी माणसाला रोजाची सवलत आहे. ती सवलत घेताना त्याला अपराधी वाटू देऊ नका.

पालकांना माझी विनंती आहे. फोनचा गैरवापर होतो हे खरे, पण मुलीच्या हातून फोन काढून घेणे हा त्यावर उपाय नव्हे. तो कशासाठी वापरावा हे तिला शिकवा. घरात असा रोगी असेल तर एक वजनकाटा आणि एक वही आणा. दवाखान्यातून निघताना आहारतज्ज्ञांना भेटा, क्रमांक मागून घ्या आणि कागद मराठीत समजावून मागा. मागण्यात लाज नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मोहल्ल्यात न वाचलेला असा एखादा कागद कोणाच्या तरी फाईलमध्ये पडलेला असेल. तो वाचून दाखवा. स्वतःच्या पदरचा सल्ला मात्र देऊ नका. जे लिहिले आहे तेवढेच सांगा आणि तज्ज्ञांना फोन लावून द्या. माझ्या पुतणीला त्या वर्षी इंग्रजीत फार मोठे गुण मिळाले नाहीत. पण तिने शिकलेले इंग्रजी घरच्या माणसाच्या पोटात अन्न होऊन गेले. शिक्षणाचा याहून मोठा उपयोग मला ठाऊक नाही.