पावणेचौदा वर्षांची गोष्ट



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो किमान वेतनावर नाही तर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असे सगळे धरून चालतात. ‘पावणेचौदा वर्षांचा मुलगा’ असा विषय मी कळवला, तेव्हा चिटणीसांनी मोठ्या आस्थेने विचारले, की बालकामगारांच्या प्रश्नावर बोलणार का? विषय तो नाही. बारा-तेरा ते सोळा-सतरा या वयातल्या मुलांचे जिणे रंगवणाऱ्या ज्या कादंबऱ्या असतात, ज्या पोट धरून हसवतात आणि तरीही खोटे बोलत नाहीत, त्या माणसांना इतक्या का आवडतात, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे. मी पुस्तकांचा पंडित नव्हे. नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण मोफत वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. तेव्हा जे सांगेन ते फाटकावरच्या माणसाच्या भाषेत सांगेन.

ज्या पुस्तकापासून मला सुरुवात करायची आहे ते इंग्लंडमधले आहे. ‘द सीक्रेट डायरी ऑफ अ‍ॅड्रियन मोल, एज्ड थर्टीन अँड थ्री क्वार्टर्स’ असे त्याचे लांबलचक नाव. १९८२ साली ते प्रसिद्ध झाले, लाखोंनी खपले, आणि पुढे त्या मुलाच्या रोजनिशीचे आणखी कितीतरी भाग निघाले. पावकी-निमकी पाठ केलेल्या माणसाला या नावातली गंमत लगेच कळते. मुलगा पावणेचौदा वर्षांचा आहे. तेरा म्हटलेले त्याला चालत नाही, चौदा म्हणण्याची अजून सोय नाही. आपण मोठी माणसे वय सांगताना दोन वर्षे गिळतो. वयाचा पावापावाने हिशेब ठेवावा असे वाटणारे आयुष्यात एवढेच वय असते.

लेखिकेचे नाव स्यू टाउनसेंड. १९४६ साली लेस्टर शहरात तिचा जन्म झाला. आठ वर्षांची होईपर्यंत तिला वाचता येत नव्हते. गालगुंड झाल्यामुळे शाळा बुडाली, तेव्हा आईने जुन्या बाजारातून आणलेली ‘जस्ट विल्यम’ या व्रात्य मुलाची पुस्तके वाचत ती वाचायला शिकली. अकराव्या वर्षाच्या परीक्षेत ती नापास झाली, चौदा-पंधराव्या वर्षी शाळा सुटली, मग कारखान्यात माल बांधणे, पेट्रोल पंपावर उभे राहणे असली कामे. अठराव्या वर्षी लग्न, पुढे तीन मुले, आणि नवरा घर सोडून गेलेला. मुले झोपल्यावर ती लिहीत बसे आणि लिहिलेले लपवून ठेवी. असे तिने वीस वर्षे कोणाला न सांगता लिहिले. एका रविवारी तिच्या थोरल्या मुलाने तक्रार केली, की इतर घरची माणसे सफारी पार्कमध्ये प्राणी पाहायला जातात, मग आपणच का जात नाही? त्या तक्रारीच्या सुरात आपल्याला अ‍ॅड्रियन सापडला, असे ती सांगत असे. हा सूर आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. हातातोंडाची गाठ पडता पडत नसलेल्या घरात मूल असा एक प्रश्न विचारते, आणि आईला हसावे की रडावे ते कळत नाही.

आता या अ‍ॅड्रियनचे कसे आहे पाहा. आपण मोठे बुद्धिमंत आहोत अशी त्याची खात्री आहे. तो कविता करतो आणि थेट बी. बी. सी.कडे पाठवतो. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांची नोंद तो एखाद्या हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने ठेवतो. लहानपणीचा चित्रांचा कागद झाकावा म्हणून तो खोलीच्या भिंतींना काळा रंग देतो, तर कितीही हात फिरवले तरी त्या चित्रांतल्या टोपीवरच्या घंटा काळ्या रंगातून वर येतात. पँडोरा नावाच्या मुलीवर त्याचे प्रेम आहे. शाळेतला एक दांडगा मुलगा त्याच्याकडून खंडणी घेतो, आणि ही खंडणी अखेर बंद कोण करते? ना मास्तर, ना बाप. म्हातारी आजी त्या दांडगटाच्या घरी जाते आणि पैसे परत घेऊन येते!

या सगळ्या गमतीच्या मागे त्या घरात काय चालले आहे? आई शेजारच्या माणसाबरोबर दुसऱ्या गावी निघून जाते. बापाची नोकरी जाते. पुढे त्याला कालव्याचा काठ साफ करण्याच्या कामावर, शाळा सोडून बेकार बसलेल्या पोरांचा मुकादम नेमतात. इंग्लंडमध्ये जानेवारी १९८२ मध्ये बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला होता. तो आकडा अ‍ॅड्रियनच्या रोजनिशीत कोणी भाषण करून सांगत नाही. तो आपल्याला दिसतो स्वयंपाकघरात, बापाच्या वाढलेल्या दाढीत आणि मुलाच्या कुरकुरीत. अ‍ॅड्रियन पाहतो सारे, पण अर्थ लावतो भलताच. आईबापांचे भांडण त्याच्या दृष्टीने अभ्यासात आलेला व्यत्यय असतो. मुलाला जे कळले नाही ते वाचणाऱ्याला कळते, आणि या दोन कळण्यांमधल्या फटीतून हसू येते. त्याच फटीतून पुढे घशात आवंढाही येतो.

म्हणून ‘खरे बोलणारी कादंबरी’ म्हणजे खरे बोलणाऱ्या मुलाची कादंबरी, असे मला म्हणायचे नाही. अ‍ॅड्रियन स्वतःलाच दिवसातून दहा थापा मारतो. खरेपणा आहे तो लिहिणारीचा. मुलगा फसतो तेथे ती मध्ये पडून त्याला सावरत नाही, त्याला शहाणपणाचे वाक्य देत नाही, आणि त्याची चेष्टा करण्यासाठी उंच माडीवर जाऊनही बसत नाही. त्या घरातले खर्चाचे कोडे तिने स्वतः सोडवलेले होते, म्हणून तिचे हसणे आतल्या माणसाचे हसणे आहे.

त्या पुस्तकातला एक प्रसंग तर आमच्या संघटनेच्या शिबिरात शिकवावा असा आहे. शाळेचा नियम काळे मोजे घालण्याचा. पँडोराच्या पुढाकाराने मुले लाल मोजे घालून सत्याग्रह करतात. मुख्याध्यापक अ‍ॅड्रियनला घरी पाठवतात. काही दिवसांनी हे वीर तोडगा काढतात: काळ्या मोज्यांच्या आत लाल मोजे घालायचे! बूट घट्ट होतात, पाय चेमटतात, पण तत्त्व शाबूत राहते. चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने हे वाचले की त्याला हसू आवरत नाही. असे समझोते आम्ही किती केले आहेत, आणि बाहेर येऊन विजयाच्या घोषणा किती दिल्या आहेत! चौदा वर्षांच्या पोराच्या मोज्यांत पन्नाशीच्या पुढाऱ्याचे पाय दिसतात, हा या पुस्तकांचा मोठ्यांना लागणारा चटका आहे.

या मुलाची गोष्ट इंग्लंडच्या रेडिओवर प्रथम ऐकवली गेली ती जानेवारी १९८२ च्या प्रारंभी. त्याच महिन्याच्या १८ तारखेला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी त्या वर्षी तेरा वर्षांचा होतो आणि माझे वडील साचेखात्यात होते. त्या संपावर गंभीर ग्रंथ झाले, नाटके झाली; जयंत पवारांचे ‘अधांतर’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते सर्व खरे आहे. पण तेरा वर्षांच्या मुलाला संप कसा दिसतो? मला तो असा दिसला, की वडील भर दुपारी खोलीत झोपू लागले. खोलीत आरसा एकच, तोही त्यांच्या डोक्याशी. मिसरूड फुटते आहे की नाही हे पाहण्याची माझी रोजची सोय गेली, आणि मला संपाचा राग आला तो यासाठी. आई पहाटे उठून खानावळीच्या पोळ्या लाटू लागली, तेव्हा मला वाटले, आता घरी गरम पोळी मिळेल. हे ऐकून आपण हसलात, ते बरे झाले. कारण त्या पोळ्या मोजून द्यायच्या असत, आणि आमच्या ताटात त्यांतली एकही येत नसे.

बऱ्याच वर्षांनी फाउंटनच्या फुटपाथवर हे पुस्तक मला जुन्यांत मिळाले. शब्दकोश जवळ घेऊन मी ते वाचले. लेस्टरच्या बाईने लिहिलेल्या त्या पोरात मला आरशावरून रुसलेला मुलगा दिसला, आणि पुष्कळ दिवस मनात दडपलेली एक लाज हलकी झाली.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. संघटना कशी सुरू होते, हे मी आपल्याला सांगतो. पगाराच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी पडते. कोणाचा ओव्हरटाइम कमी लावलेला, कोणाचे दोन खाडे जास्त मांडलेले. प्रत्येकाला वाटते, आपल्याच हातून काही घडले असेल. चारचौघांत बोललो तर शोभा होईल. तो चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवतो. मग चहाच्या टपरीवर एखादा विनोदी गडी आपली चिठ्ठी मोठ्याने वाचतो, साहेबाची नक्कल करतो. सगळे हसतात, आणि हसता हसता दुसरा आपली चिठ्ठी काढतो, मग तिसरा काढतो. चार चिठ्ठ्या शेजारीशेजारी ठेवल्या की कळते, दुखणे एकट्याचे नव्हते. फाटकावरचे भाषण नंतर येते. संघटनेचा जन्म त्या हसण्यात झालेला असतो.

तेरा-चौदा वर्षांचे मूल अशाच घडी घातलेल्या चिठ्ठ्या खिशात घेऊन हिंडत असते. आवाज फुटला, अंग वाढले, कोणी आवडले, घरात भांडण झाले, बापाचे काम गेले. प्रत्येक गोष्टीत त्याला वाटते, हे जगात माझ्याच वाट्याला आले. त्या वेळी एखादे पुस्तक टपरीवरच्या त्या गड्यासारखे आपली चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवते. या कादंबऱ्यांची मोहिनी मला तरी येथे दिसते. त्या मुलाला उपदेश करत नाहीत आणि त्याची समजूतही घालत नाहीत. त्याला जोडीदार देतात.

मराठीत असे पुस्तक नाही असे कोणी समजू नये. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली आली आणि मग तिच्यावर चित्रपटही निघाला. आणीबाणीच्या काळातले नववीचे एक वर्ष, मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर नावाची मुलगी. देशात काय चालले आहे ते मास्तरांच्या नि मोठ्यांच्या बोलण्यातून मुकुंदाच्या कानावर येते. पण त्याच्या जगाचे मध्यबिंदू म्हणजे शिरोडकर आज कोणत्या वाटेने जाईल. मोठ्या घटना मुलांच्या आयुष्यात अशाच येतात, बाजूच्या दाराने. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात या पुस्तकाची प्रत पोरांइतकीच त्यांचे आईबाप नेतात, ते यामुळे.

येथे काही वडीलधारी मंडळी विचारतील, की ‘श्यामची आई’ असताना ही पोरांची चावट बडबड कशाला? साने गुरुजींविषयी मला अपार आदर आहे. ते पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, आणि अमळनेरच्या गिरणी कामगारांसाठीही ते झिजले. पण श्याम मोठा झाल्यावर आपल्या लहानपणाकडे वळून पाहतो. त्याच्या चुका आईच्या मायेने धुऊन निघालेल्या आहेत. पावणेचौदा वर्षांच्या मुलाजवळ ती धुतलेली नजर अजून कोठून असणार? आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे? तो चोर पकडतो, संकटातून निसटतो, त्याच्यासारखे व्हावेसे वाटते. पण त्याला कधी पुटकुळी आलेली मी वाचली नाही. मुलाला श्याम हवा, फेणे हवा, आणि ज्याचे काहीच धड होत नाही असा एक बरोबरीचा मुलगाही हवा. पहिल्या दोघांकडे तो मान वर करून पाहतो. तिसऱ्याच्या खांद्यावर हात टाकतो.

आजच्या मुलांना तर त्याची गरज अधिक आहे. त्यांच्या हातातल्या फोनवर जो तो आपला हसरा चेहरा, नवा बूट आणि सहल दाखवतो. चिठ्ठी मात्र घडी घातलेलीच राहते.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. मागण्या मांडल्याशिवाय आमचे भाषण पुरे होत नाही. पहिली मागणी वाचनालयांच्या चालकांकडे: ही पुस्तके कुलपाच्या कपाटात ठेवू नका; मुलाच्या हाताला लागतील अशी ठेवा, आणि मूल ते पुस्तक घेऊन टेबलाशी आले की ‘हे काय वाचतोस?’ असे विचारू नका. दुसरी मागणी लिहिणाऱ्यांकडे: ज्याचा बाप कंत्राटावर आहे, जिची आई चार घरची धुणीभांडी करून आठच्या गाडीला उभी राहते, अशा मुलामुलींची हसवणारी गोष्ट लिहा. त्यांच्या दुःखावर अहवाल पुष्कळ झाले. त्यांच्या घरात विनोदही होतात, हे त्या मुलांना छापील अक्षरांत एकदा दिसू द्या.

स्यू टाउनसेंड १० एप्रिल २०१४ रोजी लेस्टरमध्येच वारली. शेवटची काही वर्षे मधुमेहाने तिची दृष्टी गेली होती, तरी ती सांगून लिहवून घेत राहिली. तिचा पावणेचौदा वर्षांचा मुलगा मात्र कोणत्या तरी वाचनालयात आजही कोणाच्या तरी हातात असेल, आणि ते मूल एकटेच हसत असेल. आपल्या घरात असे हसू ऐकू आले, तर दार लोटून घ्या आणि त्याला वाचू द्या.