पाठीचा मणका आणि घरचेच हाड

(वार्षिक स्नेहसंमेलनात घोडबंदर रोड, ठाणे येथे केलेले भाषण)



स्नेहसंमेलनात शस्त्रवैद्याने हाडांविषयी बोलावे, हे काहींना रसभंग करणारे वाटेल. परंतु कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत या रस्त्याने नित्य ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी कंबर कधीच दुखली नाही असा गृहस्थ विरळाच. प्रथम दिलासा देतो. बहुतेकांची कंबरदुखी शस्त्रक्रियेवाचूनच बरी होते, आणि तिचा सारा दोष खड्ड्यांच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे. मात्र कटिप्रदेशातील ५ मणक्यांपैकी एखादा सरकून मज्जातंतू दाबले गेले, चार पावले टाकताच पाय भरून येऊ लागले, आणि औषधे व व्यायाम यांनी गुण येईनासा झाला, तर काही थोड्या रुग्णांत तो दाब दूर करून दोन मणके एकमेकांशी सांधावे लागतात.

हे सांधणे आंब्याच्या कलमासारखे आहे. माळी दोरी बांधतो ती जीव जडेपर्यंत. जडतो तो जिवंत गर. त्याचप्रमाणे स्क्रू व सळ्या मणक्यांना काही महिने स्थिर धरतात. खरा सांधा हाडच घडविते. ते जुळले नाही, तर धातू केव्हातरी सैल होतो वा मोडतो.

मग हे हाड आणावयाचे कोठून? दीर्घकाळ ते नितंबास्थीच्या कडेतून काढण्याचा प्रघात होता. त्या हाडाची योग्यता निर्विवाद आहे. परंतु जखम दुसरी होते. माझ्याच हातून शस्त्रक्रिया झालेल्या एक वृद्ध भगिनी वर्षभराने मला म्हणाल्या, “डॉक्टर, पाठ बरी झाली, पण परकराची नाडी बांधवत नाही हो.” मी निरुत्तर झालो. कारण मज्जातंतूंवरील दाब काढताना त्यांच्याच मणक्याचे जे हाड निघाले होते, ते मी टाकून दिले होते.

वस्तुतः ही कल्पना नवी नाही. १९११ साली न्यूयॉर्क येथे क्षयाने पोखरलेले मणके सांधण्यासाठी फ्रेड आल्बी यांनी नडगीचे हाड वापरले. त्याच वर्षी रसेल हिब्ज यांनी मणक्यांच्याच पाठीकडील हाडांचे तुकडे एकमेकांवर टेकवून तेच कार्य साधले. आज आपण हिब्ज यांच्याच वाटेने जातो. निघालेल्या हाडावरील मांस व स्नायुबंध कसोशीने खरवडून काढावयाचे, त्याचे बारीक तुकडे करावयाचे, आणि रक्त पाझरेल इतपत खरवडलेल्या मणक्यांवर अथवा दोन मणक्यांमधील पोकळीत ते भरावयाचे. एकाच ठिकाणच्या संधानात हे स्थानिक हाड व नितंबाचे हाड यांच्या यशात फारसे अंतर पडत नाही, असे अनेक तुलनात्मक अभ्यासांत दिसून आले आहे.

तथापि या रीतीस मर्यादा आहेत. अनेक मणके सांधावयाचे असल्यास, किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेत तेथील हाड आधीच निघून गेले असल्यास हा साठा अपुरा पडतो. तेव्हा नितंबाचे हाड अथवा अन्य पूरक द्रव्य घ्यावेच लागते. जंतुसंसर्गाने वा अर्बुदाने दूषित झालेले हाड तर मुळीच वापरू नये.

म्हणून आपल्या घरी असा प्रसंग आल्यास शस्त्रवैद्याला संकोच न करता तीन प्रश्न विचारा. मणके सांधणे खरोखर आवश्यक आहे काय? हाड कोठून घेणार? ते पुरेल काय? आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारा. तंबाखू सुटेल काय? विडी असो, सिगारेट असो, वा आपल्या आजीबाईंची मिश्री असो, तंबाखूतील विष हाडाचा रक्तपुरवठा आखडते आणि उत्तम बांधलेले कलमही सुकविते. येथे शस्त्रवैद्याचे कौशल्य हरते. यश रुग्णाच्याच हाती असते.

त्या भगिनींचे बोल मी विसरलो नाही. तेव्हापासून माझ्या शस्त्रक्रियागृहात उपयोगी पडणारे हाड टाकून दिले जात नाही.