उच्च शिक्षणाचा खर्च आणि प्राप्तिकरातील सवलत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



एके काळी आपल्यातील गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे आणि ज्ञातीच्या वसतिगृहात राहून शिकत असे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला, हे आपण जाणताच. आज वारांची जागा बँकेच्या कर्जाने घेतली आहे. हा भार हलका करण्यास सरकार प्राप्तिकराच्या द्वारे थोडा हातभार लावते. परंतु तो लाभ आपल्या पदरी पडणार की नाही, हे कर्जाच्या कागदावर सही होते त्याच दिवशी बहुतांशी ठरते. एवढेच सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करू. अमेरिकेत शिक्षणखर्चाबद्दल मिळणारी सूट प्रत्यक्ष करातून वजा होते. तेथील एका योजनेत ती एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत असते. तेथे शिकावयास गेलेली आपली मुले मात्र पहिली काही वर्षे करदृष्ट्या बहुधा अनिवासी गणली जातात व त्यांना ती मिळत नाही. आपल्या देशात करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते. समजा, वर्षात ६०,००० रुपये व्याज भरले आणि तेवढे उत्पन्न २० टक्के दराच्या टप्प्यात येत असले, तर उपकरासह १२,४८० रुपये वाचतात. शिक्षकाच्या घरी ही रक्कम लहान नव्हे.

१९६१ च्या कायद्यात हे नियम कलम ८०-सी व ८०-ई मध्ये आहेत. २०२५ साली संमत झालेल्या व १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणाऱ्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, सवलतीचे तत्त्व कायम राहिले. पहिली सवलत शिकवणी शुल्काची. भारतातील शाळा, महाविद्यालय वा विद्यापीठास पूर्णवेळ शिक्षणासाठी दिलेले दोन मुलांचे शुल्क तीत धरतात. देणगी, विकासनिधी व खाजगी शिकवणी धरीत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी, विमा वगैरे सर्व मिळून तिची मर्यादा १,५०,००० रुपये आहे.

दुसरी सवलत कर्जावरील व्याजाची. तिला रकमेची मर्यादा नाही आणि परदेशातील शिक्षणासही ती लागू आहे. मुद्दलाची फेड मात्र तीत येत नाही. ज्या वर्षी व्याज भरण्यास आरंभ होतो ते वर्ष व पुढील सात, अशी आठच वर्षे ती मिळते. शिक्षण चालू असतानाच व्याज भरू लागल्यास भरणाऱ्याची आठ वर्षे तेव्हापासूनच मोजली जातात, हे ध्यानी असावे.

आता आपल्या घरोघरी काय घडते ते पाहा. पुतण्याच्या शिक्षणासाठी काका आपल्या नावे कर्ज काढतात, भाच्यासाठी मामा उभे राहतात. ही माया वंदनीय आहे. पण कायदा स्वतः, पती वा पत्नी, मुले आणि ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोत तो विद्यार्थी, एवढ्यांनाच ओळखतो. काकांना वजावट मिळत नाही आणि कर्जात नाव नसल्यामुळे पुतण्यालाही मिळत नाही. यास्तव कर्ज विद्यार्थ्याच्या नावे, आईवडिलांस सहकर्जदार करून घ्यावे. मुलाला नोकरी लागल्यावर त्याने आपल्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरावे, म्हणजे वजावट त्यास मिळेल. काकांनी हवी तर अन्य मार्गाने मदत करावी.

कर्ज कोणाकडून घेतले, हेही पाहिले जाते. बँक, सरकारने अधिसूचित केलेली वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था यांचेच कर्ज चालते. नातलग वा सावकार यांस दिलेल्या व्याजाची वजावट नाही. आईचे दागिने तारण ठेवून काढलेले सर्वसाधारण कर्ज शिक्षणासाठीच होते, हे पुढे सिद्ध करणे जड जाते. आपल्या मंडळाच्या विद्यार्थी निधीतून कोणी कर्ज घेतले, तर मंडळास तशी मान्यता असल्याखेरीज त्या व्याजाचीही वजावट मिळणार नाही. शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्ती मात्र करमुक्त असते. म्हणून निधीतून कर्ज देण्यापेक्षा शिष्यवृत्ती द्यावी, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे.

आणखी एक सावधगिरीची सूचना. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते व तीत या दोन्ही वजावटी नाहीत. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लक्ष रुपयांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावर कर पडत नाही. तेवढे उत्पन्न असणाऱ्यांनी वजावटीमागे धावण्याचे कारण नाही. त्याहून अधिक उत्पन्न असल्यास दोन्ही रीतींनी हिशेब मांडावा. जुनी रीत लाभाची ठरली, तर विवरणपत्र मुदतीच्या आत भरून तिची निवड करावी. मुदत टळली की ती निवड हातची जाते. बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र व शुल्काच्या पावत्या दरवर्षी जपून ठेवाव्यात.

आपल्या ज्ञातीत आज हिशेबनीस आहेत, बँकेत काम करणारे आहेत. प्रवेशाच्या हंगामात त्यांनी दर रविवारी तासभर मंडळाच्या कार्यालयात बसून पालकांचे कर्जाचे अर्ज सहीपूर्वी वाचून पाहावेत. पूर्वजांनी वार दिले. आपण एवढा एक तास द्यावा. त्याने एखाद्या मुलीचे शिक्षण अर्ध्यावर थांबावयाचे वाचेल.