कणांचा आकार आणि रंग



कॅडमियम सेलेनाइडचा कण सुमारें दोन नॅनोमीटरांचा असला तर निळसर, सहांचा असला तर तांबडा प्रकाश देतो. द्रव्य तेंच, रंग ठरवितो तो आकार. अशा क्वांटम बिंदूंच्या शोधाबद्दल व निर्मितीबद्दल बावेंडी, ब्रूस व एकिमोव्ह यांस २०२३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु पात्र बाहेरून तापविलें कीं कडेचा द्रव आधीं तापतो, मधला मागाहून. कण लहानमोठे होतात व रंगाची शुद्धता जाते. मायक्रोवेव्हच्या लहरी द्रवांतील रेणूंनाच हालवितात. म्हणून उष्णता आंतबाहेर जवळजवळ एकदमच उपजते. मात्र खोलवर जातां त्या लहरी क्षीण होतात. अतएव नळींतलें यश हंड्यांत आपोआप उतरत नाहीं. शिवाय कॅडमियम विषारी. रंगाच्या मोहांत हें विसरूं नये.